काडेपेटीएवढी सकाळ

मगदूम अण्णांच्या अडतीवर, माडीवरच्या खोलीत
ते चित्र होतं.
मला बोलावलं ते चौकटीसाठी.
मिरजेचा सतारमेकर, लाकडातलं कळतं,
एवढाच माझा अधिकार.

वाळवी नव्हती, भुंगा होता.
डाव्या कोपऱ्यात सुईएवढी भोकं, खाली पिठासारखा भुसा.
बोटानं वाजवून बघितलं, भोपळा बघतो तसं.
अण्णा म्हणाले, 'हळू.'

चित्रात नदी. काठावर उंच, सडपातळ चार झाडं.
होडीत लाल टोपीचा माणूस, पाठमोरा.
आणि आभाळ सगळं पिवळं.

'फ्रान्सचं आहे,' अण्णा म्हणाले,
मालगावच्या पुढं दोन कोस असावं तसं.
'बासष्ट साली मुंबईत एका पारशाचं घर लिलावात निघालं.
मी गेलो होतो वजनकाट्यासाठी.
काटा दुसऱ्यानं नेला.
तीन पोती राजापुरी विकून आलेले पैसे खिशात होते,
रिकाम्या हातानं कसं यायचं?'

झाडं कसली, मी विचारलं.
तुणीची नव्हेत, एवढं मला दिसत होतं.
'पॉप्लर. काडेपेटीच्या काड्या करतात त्याच्या.'
मग थांबून, 'सतार होत नसेल.'
नाही होत, मी म्हणालो.
दोघंही थोडा वेळ त्या झाडांसाठी गप्प बसलो.

अण्णा दिवस मावळायच्या आत जेवणारे.
चाळीस वर्षं ताट इथंच येतं.
खाली हमाल शेवटचं पोतं शिवतात,
हळदीची धूळ जिन्यानं वर येते,
आणि समोर ही संध्याकाळ,
मावळायची घाई नसलेली.

चौकट उतरवली तेव्हा कडेला
बोटभर पट्टा वेगळाच निघाला. थंड. राखाडी.
मी म्हणालो, अण्णा, ही हळद नव्हे,
वरचं वार्निश पिकलंय.
जुन्या सतारीवर लाख पिकते तसं.
बघू का थोडं?

कापसाला स्पिरिट लावून
वरच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी जागा पुसली.
कापूस चहासारखा झाला.
खालून आभाळ आलं
निळसर, ओलं,
कुणीही अजून न वापरलेलं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
'ही तर सकाळ आहे.'
मी काय बोलणार?
'म्हणजे तो माणूस घरी चालला नव्हता.'
नाही, अण्णा. निघालाय.

खाली काट्यावर कुणीतरी वजन ओरडत होतं.
मी कापूस परत भिजवला.
अण्णांनी माझं मनगट धरलं,
हळद परखणारी बोटं, नखांत पिवळी.
'बास. एवढीच राहू दे.'

चौकट दुरुस्त करून दिली. मजुरी घेतली.
स्पिरिटचे पैसे लावले नाहीत.

जिन्यात होतो तेव्हा वर ताट आल्याचा आवाज झाला,
आणि अण्णांचा,
स्वतःशीच की त्या पाठमोऱ्याशी,
'जेवून तरी निघालास का रे?'