सरासरी

रविवारी रत्नागिरीत,
रात्रपाळी डोळ्यांत तशीच घेऊन
मी तिसऱ्या बाकावर.
नेवरेकर सर फळ्यावर साठ्याचं सूत्र मांडतात:
रोजची सरासरी मागणी गुणिले माल यायचे दिवस.
"समजा, बिस्किटांचे पुडे."

मी समजते सर्पदंशाची लस.
जैतापूरच्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, नऊ कुप्या.
भातकापणी चालू.
फुरसं सरासरीने चावत नाही, सर;
परवा एकाच मळ्यात दोघी, मायलेकी.
आणि माल यायचे दिवस?
सही झाली तर दोन,
साहेब रजेवर असले तर देव जाणे.

बाकाखाली मोबाइल थरथरतो. झुलेखा:
"सिस्टर, तीनच उरल्या."

वहीत उत्तर येतं चौदा.
त्याखाली मी पेनाने वीस लिहिते,
गुण जातील तर जावोत,
आणि विसाला गोल करते.