चकाकडे तीन थाउ

लेथच्या बेडवर पितळेची पाटी होती.
माझे वडील, घोडपदेवचे धाकू मेस्त्री,
रोज सकाळी रॉकेलच्या फडक्याने ती पुसायचे.
त्यामुळे अक्षरं गंजली नाहीत, झिजली.
आता गावाच्या नावातलं फक्त ‘फॉल्स’ उरलंय.

चौऱ्याहत्तर साली नाव पूर्ण वाचता यायचं.
त्या साली हाफ-नटचे आटे गेले
आणि वडिलांनी मला पिंपावर बसवून
पाटीवरच्या पत्त्याला पत्र लिहायला लावलं.
मी सातवीत. इंग्रजीचं तिसरं वर्ष.
नट तुटला आहे, कृपया पाठवा, किंमत कळवा.
खाली वडिलांची सही, तेलाच्या अंगठ्यासकट.

चार महिन्यांनी उत्तर आलं,
कंपनीचं नव्हे, तिथल्या पोस्टमास्तरीणबाईंचं.
मिसेस हॅझल प्रूइट. निळी शाई, कागद दोन्ही बाजूंनी भरलेला.

आधी नदी होती, बाईंनी लिहिलं होतं.
नदीला बांध घातला, बांधाशी लाकडाची गिरणी आली,
गिरणी जळाली तेव्हा त्याच जोत्यावर लोखंड आलं.
बोटीतून माणसं आली, स्वीडनची, पोलंडची,
ज्याचं त्याचं चर्च वेगळं, पाव वेगळा,
भोंगा एक.
‘देवगडकरांची खोली वेगळी, सातारकरांची वेगळी,’
वडील मध्येच म्हणाले. ‘वाच.’

लढाईत तीन पाळ्या चालल्या. बायका लेथवर उभ्या राहिल्या.
मीही होते, बाईंनी लिहिलं होतं,
उजव्या हाताची दोन बोटं चकात राहिली,
डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नका.
वडिलांनी कागद मागून घेतला,
अक्षर बघितलं, परत दिला.

मग कंपनी दक्षिणेला गेली, मजुरी स्वस्त तिकडे,
आणि एका शुक्रवारी आठशे माणसं
इथे मी अडलो.
शब्द दोन, दोन्ही सोपे, एकत्र आले की कळेनात.
शब्दकोश आणायला उठलो, जाता जाता
मोठ्याने उच्चारून पाहिले.
लीडस्क्रूवरची नजर न काढता वडील म्हणाले,
‘ले-ऑफ. तो आपलाच शब्द आहे.
पुढं वाच.’

पुढं असं, की नट मिळणार नाही.
पॅटर्न शॉपमध्ये आता फर्निचरचं गोदाम,
मनोऱ्यावरचं घड्याळ सव्वाचारला थांबलेलं.
नदीत मात्र मासे परत आलेत.
‘मासे?’ वडिलांनी दोनदा विचारलं. ‘कुठले, ते लिहिलंय?’
नव्हतं लिहिलेलं.

शेवटी एक प्रश्न: ती अजून खरी फिरते का?
आम्ही ‘तो लेथ’ म्हणायचो. बाईंनी ‘ती’ लिहिलं होतं.
वडील उठले, डायल लावला, चक हाताने फिरवला,
‘लिही. चकाकडे तीन थाउचा फरक. बाकी ठीक.
खोटं लिहू नको.’
मी लिहिलं. विमानाचं तिकीट पगाराला आणू म्हणाले.
ते पत्र अजून खिळ्यांच्या खणात आहे.

नट त्यांनीच केला. सागाचा पॅटर्न कोरला,
रे रोडच्या फाउंड्रीत गनमेटल ओतून घेतलं,
आटे तीन रात्री बसून काढले.
वडील गेले, नट चालत राहिला.

गेल्या महिन्यात गाळा टॉवरवाल्यांना दिला.
दारूखान्याचा मुस्तनसीर काटा घेऊन आला.
बिडाचा ढीग वेगळा, पितळ वेगळं.
पाटी त्याने ग्रॅमवर तोलली,
नावाकडे बघितलंही नाही.
मग एप्रन उघडला, नट काढला,
बाहीने पुसून उजेडात धरला, आट्यांवरून नख फिरवलं.
‘ये देखो,’ म्हणाला, ‘ये ओरिजिनल है. अमेरिकन.
ऐसा काम इधर नहीं होता.
इसका अलग पैसा देता हूँ.’

मी काही बोललो नाही.
त्याने दोनशे जास्त दिले.
घेतले.