चौथा नाल

शाळेच्या पुस्तकातला पाणघोडा
जाडजूड, जबडा वासलेला, चिखलात सुखी.
कासम नालबंद ज्याच्याविषयी बोलायचा
तो वेगळा.
बोलायचाही तोंडात खिळे धरून;
अर्धी गोष्ट दातांत अडकायची.

भद्रकालीत तेव्हा तांगे होते.
त्या साली गंगा दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागली,
सराफबाजार माळ्यावर जाऊन बसला,
आणि मध्यरात्री कासमच्या फळीवर टाप वाजली.
लगाम नाही, मालक नाही.
आयाळीत शेवाळ, कुणाच्या तरी निर्माल्यातली झेंडूची माळ,
अंगाला वास
घोड्याचा नव्हे,
नुकत्या उपसलेल्या विहिरीचा.

त्यानं आपणहून पाय उचलून दिला.

"खूर गार होता रे, नदीतल्या गोट्यासारखा.
खिळा ठोकला तर रक्त नाही,
पाणी आलं. मी चाखलं. गोड होतं."
पहिला नाल. दुसरा. तिसरा.
चौथ्याला हात थांबला.
चारी पायांत लोखंड गेलं की जनावर माणसाचं होतं,
हे नालबंदाला कुणी सांगावं लागत नाही.
हिशेबही मनात होऊन गेला होता:
स्टेशन ते पंचवटी, दिवसाला सहा फेऱ्या,
दाणा नाही, वैरण नाही.
घोडा नुसता बघत होता.
त्याच्या डोळ्यांत कंदील उलटा दिसत होता,
डोहात दिसतो तसा.

कासमनं खिळे थुंकले.
"जा," म्हणाला.

पहाटे पूर उतरला.
गल्लीभर गाळात टापा:
तीन लोखंडाच्या,
आणि चौथीच्या जागी दर वेळी
ओंजळभर स्वच्छ पाणी.

मी विश्वास ठेवला असं नाही.
त्याच जागी आता माझं पंक्चरचं दुकान आहे.
तांगे आधी गेले, मग चाचा.
चौकटीवर तो चौथा नाल तेवढा राहिला,
गिऱ्हाइकांना वाटतं, दृष्टीसाठी लावलाय.
घमेल्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडा शोधायचा,
एवढंच माझं पाण्याशी नातं.

पण गंगापूरचे दरवाजे उघडतात,
घाटावर भोंगा वाजतो,
पोरं मोबाईल उंच धरून पुलाकडे पळतात,
कुणी ओरडतं, कमरेला लागलं, छातीला लागलं,
तेव्हा मी वर बघतो.
छत कोरडं.
नाल ठिबकत असतो.

मला नाल ठोकता येत नाही.
तरी त्या रात्री
मी शटर पूर्ण ओढत नाही.