खसखशीएवढं

जूनमध्ये ऑरिन ब्लूबेरीच्या माळापलीकडचं
दगडी कुंपण डागडुजत होता, आजोबांनी रचलेलं.
रात्री गुडघ्यामागचा काळा ठिपका दाखवून म्हणाला,
"लोरेट, पावावरची खसखस इथे कशी?"
आणि स्वयंपाकघरात खसखस पिकली.
मी ती नखाने उडवली. सिंकमध्ये. नळ सोडला.
एवढंच.

लाल वर्तुळ उठलं नाही.
उठलं असेल तर आम्ही पाहिलं नाही,
गुडघ्याच्या मागे कोण बघतं?

ऑगस्टात बेरी ओरबाडता ओरबाडता
तो फणी टाकून मटकन बसला.
"ऊन लागलं," म्हणाला.
मेनच्या किनाऱ्यावर, धुक्यात, सकाळी सातला.
दवाखान्यात नाडी अडतीस.
आमच्या नातीच्या वयाची डॉक्टर
वाकून विचारत होती : गोचीड चावली होती का?
आठवून बघा. आठवून बघा.
मला नळाचं पाणी ऐकू येत होतं.

दंडातून शिरून थेट हृदयापाशी जाणारी नळी.
अठ्ठावीस दिवस, रोज एक पिशवी, घरीच.
मग विमा कंपनीचं पत्र :
औषध मंजूर.
पण ते अंगात सोडायच्या नळ्या,
सलाइनच्या सिरिंजा, हातमोजे, पट्ट्या,
पिशवी टांगायचा स्टँड
या सगळ्या "घरगुती सोयीच्या वस्तू".
विहीर मंजूर, पोहरा नामंजूर.

एक्केचाळीस मिनिटं व्हायोलिन ऐकल्यावर
डेलफीन नावाची बाई आली.
तिचा काय दोष?
तिच्या पडद्यावर रकाना होता : चावल्याची तारीख, पुरावा.
मी म्हटलं, पुरावा मीच धुऊन टाकला.
ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली,
"माझा भाऊ जंगलात लाकूड तोडतो."
आणि लगेच, वेगळ्याच आवाजात,
"अपिलात 'सोय' हा शब्द कुठेही लिहू नका, मॅडम."

आयडेलाने सलाइनचे दोन खोके आणून दिले,
अर्लो गेल्यावर तिच्या तळघरात उरलेले.
तारीख उलटायला सहा आठवडे होते.
आम्ही दोघींनी ती तीनदा वाचली, चष्मे बदलून.
बाकीचं, होडीचं इंजिन विकून.

आणि स्टँड?
बैठकीच्या भिंतीवर ऑरिननेच मारलेलं हरिण आहे,
ब्याऐंशी सालचं, आठ टोकांच्या शिंगांचं.
पिशवी त्याच्या शिंगाला टांगली.
हरणांच्याच अंगावर पोसतात म्हणे या गोचिडी,
त्यांच्याच पाठीवर बसून आमच्या अंगणात येतात.
थेंब उतरायचा. मग दुसरा.
हरिण काचेच्या डोळ्यांनी खाली बघत राहायचं
आणि ऑरिन त्याच्याकडे वर.
कोण कोणाची माफी मागत होतं, मी विचारलं नाही.

आता एकही वाया घालवत नाही.
सापडली की चिमट्याने सरळ वर ओढायची,
पारदर्शक पट्टीखाली कॅलेंडरवर चिकटवायची,
त्या त्या तारखेच्या चौकोनात.
सप्टेंबरात कुत्र्याच्या चौदा, माझ्या दोन.
ते पान मी अपिलाला जोडलं. मूळ प्रत.
पाकीट उघडणारीने किंकाळी मारली असेल तर बरं वाटेल.

नोव्हेंबरात उत्तर आलं.
नळ्या मंजूर. सिरिंजा मंजूर. पट्ट्या मंजूर.
स्टँड नामंजूर.
तोवर दंडावरची भोकं बुजली होती.

अजूनही जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबतो,
खिडकीतून काही बघितल्यासारखं करतो.
मीही खालून काही शोधल्यासारखं करते.

रात्री कपडे ड्रायरमध्ये फिरत असतात
आणि आम्ही दिव्याखाली उभे, सत्तरीतले दोघे,
एकमेकांच्या काखा, कानामागे, गुडघ्यामागे चाचपत.
लग्नाच्या पहिल्या वर्षीही
इतक्या बारकाईने बघितलं नव्हतं.
माझ्या पाठीवर त्याचं बोट थांबतं.
"हलू नकोस."
मी श्वास धरते.
नखाने हलकेच खरवडून बघतो.
"तीळ आहे," म्हणतो.
"जुना?"
"असेल. मला कुठे माहीत होता?"