काथवट

इंद्रेक, तू काथवट धुतलीस.
साबणाने, उकळत्या पाण्याने, तारेच्या घासणीने,
मी तालिनला मोतीबिंदू काढायला गेले होते
त्या दोन दिवसांत.
मग बर्चच्या बुंध्याला टेकवून उन्हात ठेवलीस.
मी परत आले तर तू दारातच,
हात पुसत, कौतुकाची वाट बघत,
आणि नव्या डोळ्याला आधी तीच दिसली:
पांढरीफटक. मुकी.

"छान केलंस," म्हणाले.
दुसरं काय म्हणणार?
तू टार्टूचा. तुमच्याकडे भांडं स्वच्छ असतं
नाहीतर घाण.
या बेटावर तिसरी एक जात असते,
वापरातलं.

तिच्या गाठीच्या खड्ड्यात, तळाच्या चिरेत
मागच्या पावाचं पीठ वाळून बसलेलं असायचं,
नखाने खरवडावं तर राख.
शनिवारी रात्री त्यावर कोमट पाणी, मूठभर पीठ,
की रविवारी पहाटे काथवट
स्वतःशीच पुटपुटायला लागायची.
एकदा विल्माला उसनी दिली होती.
परत आली ती रुसूनच,
महिनाभर पाव विटेसारखा.
आता तर रुसायलाही कोणी नाही तिच्यात.

म्हणून बरणी घेतली. लोणच्याची,
झाकणाला काकडीचा, शेपूचा वास अजून.
तावेतच्या गिरणीतलं रायचं काळपट पीठ,
विहिरीचं पाणी,
आणि बॉयलरवर, तुझ्या मोज्यांशेजारी जागा.
तू विचारलंस काय आहे. मी म्हटलं, चिखल.
खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिखल एकदम उसळला,
झाकण ढकलून बाहेर आला,
आणि मी, सत्तर वर्षांची बाई, एकटीच टाळ्या पिटत उभी.
वास मात्र उलटी केलेल्या बाळासारखा.
मग कळलं, हे ते नव्हेत.
हे वाटेवरचे, दार उघडं दिसलं म्हणून शिरलेले,
दंगा करतात, जरा आंबट लागलं की निघून जातात.
त्यानंतर तिसरा दिवस, चौथा, पाचवा,
बरणी गप्प. वर करडं पाणी.

रोज अर्धं काढून टाकायचं, तेवढंच नवं घालायचं.
हे हाताला पटत नाही.
पिठाचा कण सांडला तर बोट ओलं करून टिपणारा हात हा.
कोंबड्यांना घातलं.
त्या खूश होत्या. माझं अपयश त्यांना मानवतं.

सहाव्या दिवशी झाकण उघडलं
आणि तळघरातल्या सफरचंदांचा वास आला.
पुरे झाला मला तेवढा.
बरणीला रबर चढवलं, पिठाच्या रेषेवर,
आणि त्याच टपालाने दवाखान्याचं पत्र आलं:
दुसरा डोळा, गुरुवारी.

रात्रभर विचार केला. तावेतला सांगावं का? विल्माला?
विल्माला नको.
सकाळी तुला बॉयलरपाशी बोलावलं.
हे बघ, अर्धं काढ, दोन चमचे पीठ,
पाणी मनगटावर टाकून बघ, चटका नको आणि गारही नको.
आणि धुवायचं नाही.
बरणी नाही. झाकण नाही.
चमचासुद्धा नाही, इंद्रेक.

तू मान हलवलीस.
मग तुझी नजर हळूच कोपऱ्यातल्या काथवटीकडे गेली
आणि तिथेच राहिली.
कान लाल झाले तुझे.
मी सामान भरायला लागले, भरून झालेलंच पुन्हा.

हेल्टरमाच्या धक्क्यावर तू बॅग उचललीस,
हवेबद्दल बोललास. मीही.

आज डोळ्यावर पट्टी आहे,
नर्सने फोन कानाला धरलाय,
आणि पलीकडे तू कुजबुजतोयस,
पाळण्याशेजारी बोलावं तसा:
"रबराच्या वर आलंय. दोन बोटं वर.
आई, मी... मी हात धुऊन लावला, चालेल ना?"

चालेल.
काथवट आत घे, म्हणाले. बाहेर ठेवली असलीस तर.
लाकडाला चीर पडेल.