जुना उच्चार

शनिवारी बेव्हर्लीचा बाजार उठला, की हेस्टर थ्वेटच्या स्वयंपाकघरात
मी तिच्या चिठ्ठ्या टाइप करायला बसायची.
बुटांच्या खोक्यांत चाळीस वर्षांच्या चिठ्ठ्या,
सहाशे वर्षांपूर्वीच्या प्रवचनांतून वेचलेले
कुरूपाचे शब्द.
व्लात्सम: जे पाहून पोट ढवळतं.
लोथली: जिचा तिटकारा यावा ती.
क्रूकेड: पाठीने वाकडा,
आणि खाली, शाई न बदलता,
मनाने वाकडा.

आमच्याकडेही, मी म्हटलं, एकाच शब्दात भागवतात.
पाऊल वाकडं पडतं, तोंड वाकडं होतं,
माणूस वाकड्यात शिरतो.
तिने ते लिहून घेतलं, साक्ष घेतात तसं.

'अनफेअर'वर ती थांबली.
म्हणाली, आधी याचा अर्थ फक्त, देखणं नसलेलं.
अन्याय नंतर आला.

नंतर कसला.

माझा डावा डोळा नाकाकडे बघतो.
फलटणला कुमुदमावशी म्हणायची,
हिच्या पोटात काय आहे कळायचं नाही,
नजरच सरळ नाही हिची.
क्रॉयडनच्या कचेरीत फोटो काढणारा म्हणाला,
मॅडम, सरळ बघा.
मी सरळच बघत होते.
मध्ये तीस वर्षं आणि दोन समुद्र,
वाक्य तेच.

मग आला 'अगली',
उत्तरेकडच्या नावाड्यांबरोबर किनाऱ्याला लागलेला.
मूळ अर्थ: भीती वाटावी असा.
म्हणजे बघ, हेस्टरने पेन्सिल माझ्याकडे रोखली,
हा शब्द चेहऱ्याचा नव्हताच कधी,
बघणाऱ्याच्या पोटातल्या गोळ्याचा होता.
तो गोळा त्याने अलगद उचलला
आणि दुसऱ्याच्या तोंडावर ठेवला.
एवढं बोलून ती चहा गाळायला उठली.
गाळणं सापडेना, तर जुन्या मोज्याबद्दल काहीतरी
विनोद केला. तो मला कळला नाही.

शेवटच्या खोक्यातली सगळ्यात मळकी चिठ्ठी 'फाउल'.
सडलेलं. घाण. कुरूप, विशेषतः बाई. पापी.
हवेबद्दलही, वादळी.
मी म्हटलं, वंगाळ. आमचा वंगाळ अगदी हाच.
ती म्हणाली, हो, पण उच्चार चुकला तुझा.
तेव्हा फाउल नव्हतं.
फूल.
ऊ दीर्घ.

मला हसू आवरेना. ती रागावली,
मग मी अर्थ सांगितला, मग तिने चष्मा काढला.
परत सांग.
एखाद्या गारठलेल्या देवळात पाद्री ओरडत असेल,
तुमचा देह फूल, तुमची जीभ फूल,
बायांनो, तुम्ही तर नखशिखांत फूल,
आणि मागच्या खांबापाशी फलटणची कुणी उभी असती
तर तिने लाजून पदर सावरला असता.

फेब्रुवारीत हेस्टरचा डावा गाल घसरला.
हलच्या इस्पितळात ती उशीला टेकून होती,
ओठाचं एक टोक खाली, एक पापणी अर्धी,
आणि सगळी खोकी रिकामी. शब्द नव्हते.
पेला दाखवला तर म्हणायची, मंगळवार.
खिडकी दाखवली तरी मंगळवार.

तिने हाताने आरसा मागितला.
नर्स घुटमळली. मी माझा फोन पुढे धरला.
पाणी लागलेलं हस्तलिखित बघावं
तशी ती बघत राहिली,
कडेकडेने, घाई न करता.
मग चांगल्या हाताचं बोट
घसरलेल्या गालावर ठेवलं.

फूल, ती म्हणाली.
ऊ दीर्घ.

आणि माझ्याकडे पाहिलं,
आता तिचीही नजर सरळ नव्हती.
कुठल्या भाषेत म्हणाली
मी विचारलं नाही.

काय हवंय त्यांना, नर्सने विचारलं.
फूल मागतेय.
वॉर्डात फुलं चालत नाहीत, ती म्हणाली,
आणि उशी नीट केली.