कमरपट्टा बांधलेला सात

मंगळवारी सकाळी दहा वाजता
लानफेरिनच्या जुन्या लोकर-गोदामात
आम्ही नऊजण जमिनीवर आडवे होतो.
अनवेनने घंटा वाजवली.
आठजण उठले.

इफोर प्रॉथेरो तसाच पडून. तळवे छताकडे,
पायमोजातून एक अंगठा बाहेर.
"बघा," अनवेन कौतुकाने म्हणाली,
"याला म्हणतात सोडून देणं."
आम्ही कुजबुजत चटया गुंडाळल्या,
त्याला वळसा घालून चवड्यांवर गेलो,
किटली ठेवली. मेरेरिदने प्रत्येकाला साखर विचारली.
दुसरा कप संपत आला तेव्हा
कुणाच्या तरी लक्षात आलं,
इफोर घोरत नाहीये.
तो नेहमी घोरायचा.

त्या आसनाच्या नावात मढं आहे
हे मला नंतर वाचनालयातल्या कोशात सापडलं.
दीड वर्ष, दर खेपेला आठ पौंड मोजून
आम्ही मरायचा सराव करत होतो
आणि कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय एकोणऐंशी.
हवालदार ग्लिननेही वहीत लिहिलं, हृदय,
आणि माझ्या मनुकांच्या केकचे तीन तुकडे खाल्ले.
मीही म्हटलं असतं, हृदय.
पण चपलांच्या फळीवर त्याचा थर्मास राहिला होता
आणि थर्मासच्या कानाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी:
गुडघ्यांसाठी. पाला उकळत्या पाण्यात सात मिनिटं.
सात आकड्यात लिहिलेला.
आणि त्या साताच्या कमरेला आडवा पट्टा.

अडतीस वर्षं मी या गावाचं टपाल लावलं.
मी पत्ते वाचत नाही, हात वाचते.
एम्लिन कसायाचं अक्षर तोलून मापून,
पाद्रीणबाईंचं ओळीच्या मध्यावर दमणारं.
आमच्याकडे साताला पट्टा कुणी बांधत नाही.
एक सोडून.
बहात्तर साली ती ब्रिटनीला गेली होती,
कुणाची तरी मुलं सांभाळायला.
वर्षभर आईला पोस्टकार्डं आली,
मग तीच आली, एकटी,
तो पट्टा घेऊन.

मेरेरिद. चर्चच्या छपराचा निधी सांभाळणारी.
इफोर बँकेतला. निवृत्त झाला तरी बँकेतलाच.
हिशेबाची वही त्याने तिच्याकडे तीनदा मागितली होती.
तिच्या परसात कॉम्फ्रीला लागून फॉक्सग्लव्ह उगवतं.
घंटा फुलेपर्यंत दोघांची पानं जुळ्या बहिणी.
आठवडाभर रोज दोन कप प्यायला बिचारा,
तक्रार न करता. चव वाईट म्हणजे औषध चांगलं,
अशी आमची पिढी.

मी तिच्याकडे गेले. तिने किटली उचलली.
"चहा?"
"नको," मी म्हटलं.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग किटली खाली ठेवली, अगदी आवाज न करता.
"भरून टाकणार होते गं, तेगवेन. थोडे थोडे."
विजेचं बिल. मांजराचं ऑपरेशन.
आणि एकदा बोटीचं तिकीट, ब्रिटनीचं.
ते तिने दाखवलं, ब्रेडच्या डब्यातून काढून.
वापरलंच नव्हतं.

मी तिचा कोट आणला.
वरचं बटण तिला लागेना, मी लावलं.
ठाण्यापर्यंत सगळा उतार,
माझा डावा गुडघा वळत नाही,
म्हणून हात तिनेच मला दिला.
वाटेत बेकरीवाली म्हणाली, "दोघी कुठे निघालात?"
आम्ही म्हटलं, "जरा खाली."

आता मंगळवारी अनवेन हजेरी मांडते
आणि आकडा लिहिते: सात.
पट्ट्याशिवाय.
शेवटी सगळे आडवे झाले की
मी एक डोळा उघडा ठेवते.
खिडकीशी दोन चटयांची जागा मोकळी,
कुणी तिकडे सरकत नाही.
थोड्या वेळाने एम्लिन घोरायला लागतो.
कुणीही त्याला हलवत नाही.